लग्नानंतरचं एक वर्ष: न्यू जर्सीतल्या एका ग्रीन कार्ड अर्जाचं प्रकरण

नवरा नाशिक जिल्ह्यातला, ऑगस्ट 2018 मध्ये एम.एस.साठी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर नेवार्कला उतरलेला. बायको एडिसनमध्ये जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकी नागरिक. 22 मार्च 2024 ला दोघांचं लग्न झालं तेव्हा त्याचं स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा, संपून सात महिने झाले होते, आणि मधल्या काळात पाच महिने त्याने एका ओळखीच्या दुकानात रोखीवर काम केलं होतं. कोणी म्हणालं, 'आता काळजी मिटली.' कोणी म्हणालं, 'ओव्हरस्टे आहे, अर्ज केलास तर पकडतील.' दोन्ही सल्ले अर्धवट होते.

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचं नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे पेच एकत्र करून ते मांडलं आहे. कायदा, फॉर्म, फी आणि मुदती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

स्टेटस कसं गेलं

मे 2020 मध्ये पदवी. 15 जून 2020 पासून बारा महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, त्यानंतर स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) शाखेची आणखी चोवीस महिने. तीन वर्षं एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव टाकलं, तिन्ही वेळा लागलं नाही. 14 जून 2023 ला ओपीटी संपली आणि पुढचे 60 दिवस आवराआवरीचे, 13 ऑगस्टपर्यंत. त्यानंतर परत जायला हवं होतं, तो गेला नाही.

इथे एक बारकावा पुढे फार उपयोगी पडला. विद्यार्थ्याच्या आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवर परतीची तारीख नसते, तिथे 'डी/एस' लिहिलेलं असतं, म्हणजे शिक्षणाचं स्टेटस टिकेल तोवर. अशा माणसाचं स्टेटस सुटलं तरी त्याचे 'बेकायदा वास्तव्याचे' दिवस आपोआप मोजले जात नाहीत. इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय दिला तरच मोजणी सुरू होते. पर्यटक म्हणून आलेल्याच्या आय-94 वर ठरलेली तारीख असते आणि दुसऱ्या दिवसापासून मीटर चालू होतं. स्टेटस नसणं आणि बेकायदा वास्तव्य साचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक चुकीचे सल्ले या दोन्हींची गल्लत करूनच दिले जातात.

लग्नाने काय दिलं, काय नाही

नागरिकाचा जोडीदार कायद्याने 'इमिजिएट रिलेटिव्ह' ठरतो. त्याला वार्षिक कोटा नाही, देशनिहाय रांग नाही. नोकरीच्या वर्गात वर्षानुवर्षं व्हिसा बुलेटिनकडे, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या मासिक तक्त्याकडे, डोळे लावून बसलेल्या भारतीयांना ही केवढी सवलत आहे हे सांगायला नको. दुसरी सवलत त्याहून मोठी. देश न सोडता आय-485 भरून कायमचं वास्तव्य मागायचं असेल, तर इतर वर्गांना स्टेटस सुटलेलं किंवा विनापरवाना काम केलेलं आडवं येतं. इमिजिएट रिलेटिव्हला त्या दोन्ही गोष्टी माफ आहेत.

अट एकच, पण पक्की: देशात येताना सीमेवर तपासणी होऊन रीतसर प्रवेश मिळालेला हवा. त्याच्याकडे 2018 चा शिक्का होता आणि आय-94 होतं, म्हणून दार उघडं राहिलं. तपासणी चुकवून सीमा ओलांडून आलेल्याचं लग्न कितीही खरं असलं, तरी त्याला सहसा देशाबाहेर जाऊनच व्हिसा घ्यावा लागतो, आणि बाहेर पाऊल ठेवताच जुन्या वास्तव्याची शिक्षा, म्हणजे परत येण्यावर बंदी, लागू होते. ती टाळण्यासाठी आधी आय-601ए ही माफी मिळवावी लागते.

मात्र 22 मार्चच्या संध्याकाळीही त्याचं स्टेटस सकाळइतकंच होतं, म्हणजे शून्य. लग्नाने अर्ज करण्याचा हक्क मिळतो. आय-485 दाखल होऊन पावती येते तेव्हा 'मंजूर वास्तव्याचा काळ' सुरू होतो, आणि तेही स्टेटस नव्हे, अर्जापुरता आसरा. अर्ज फेटाळला की तो आसरा गेला.

ज्या चुकीला माफी नाही ती वेगळी. नोकरीला लागताना भरायच्या आय-9 फॉर्मवर 'मी अमेरिकी नागरिक आहे' या चौकटीत खूण केली असती, तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. नागरिकत्वाचा खोटा दावा कायमचा अपात्र करतो आणि या अर्जात त्याला माफीची तरतूद नाही, जोडीदार नागरिक असला तरीही. दुकानात रोखीवर काम केलं, पण असा फॉर्म भरला नव्हता, हे वकिलाने पहिल्याच भेटीत खोदून विचारलं. अर्जात त्याने ते पाच महिने लिहिले. लपवले असते तर माफ होणाऱ्या चुकीवर खोटी माहिती देण्याचा दोष चढला असता.

लग्नाचा दाखला

न्यू जर्सीत आधी नगरपालिकेच्या रजिस्ट्रारकडे लायसन्स काढावं लागतं: फी 28 डॉलर, अर्ज करताना एक सज्ञान साक्षीदार, आणि लायसन्स हातात पडायला 72 तासांची थांबवणूक. मग विधी, मग नोंद, मग प्रमाणित प्रत. मे महिन्यात सगळे नातेवाईक जमवून मंदिरात सप्तपदी झाली, ते फोटो मुलाखतीत कामाला आले. पण अर्जावर तारीख 22 मार्चचीच जाते. दोन तारखांचा घोळ फॉर्मवर एकदा झाला की तो प्रत्येक पानावर निस्तरावा लागतो.

लग्न भारतात झालं असतं तर महाराष्ट्रातल्या विवाह निबंधकाचं प्रमाणपत्र लागलं असतं. कार्यालयाची पावती, पत्रिका, भटजींची सही यांनी भागत नाही. आणि दोघांपैकी कोणाचा आधी घटस्फोट झालेला असेल तर त्याची अंतिम डिक्री हवी. डिक्रीनंतर अपिलाची मुदत संपायच्या आत दुसरं लग्न लावलं असेल, तर अधिकारी त्या तारखांवर बोट ठेवतो.

गठ्ठा

जून 2024 मध्ये सगळं एकत्र गेलं: नवऱ्याशी असलेलं नातं दाखवणारा पत्नीचा आय-130, त्यासोबत त्याची माहिती देणारा आय-130ए, त्याचा आय-485, कामाच्या परवान्यासाठी आय-765, प्रवासासाठी आय-131 आणि आर्थिक हमीचा आय-864. 1 एप्रिल 2024 पासूनच्या दरांनी फी अशी: आय-130 ला 675, आय-485 ला 1,440, आय-765 ला 260 आणि आय-131 ला 630, एकूण 3,005 डॉलर. डॉक्टरांची फी वेगळी. प्रत्येक फॉर्मचा चेक वेगळा जोडला. एकच मोठा चेक जोडलेले गठ्ठे परत आल्याची उदाहरणं आहेत. 28 ऑक्टोबर 2025 पासून तर चेक आणि मनीऑर्डर बंदच झाल्या, आता कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म जोडावा लागतो.

वैद्यकीय तपासणीचा आय-693 त्याने नंतर दिला, तेव्हा ते चालायचं. 2 डिसेंबर 2024 पासून तो अर्जासोबतच हवा, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. तपासणी खात्याने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, त्याला तिथे 'सिव्हिल सर्जन' म्हणतात. लसींचं जुनं कार्ड घरी असेल तर मागवून घ्यावं, पुन्हा टोचून घेण्याचा खर्च वाचतो.

जन्मदाखल्यावर नाव नव्हतं

पहिली अडचण तालुक्यातून आली. त्याच्या 1995 च्या जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं होती, तारीख होती, पण 'बालकाचे नाव' ही जागा कोरी. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी नाव घालायला गेलंच नाही. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की अर्जाचा विचार डोक्यात येताच आधी तो दाखला बाहेर काढून पाहावा.

कोरा दाखला जोडला आणि सप्टेंबरमध्ये पुराव्याची मागणी आली, उत्तराला 87 दिवस. वडील नगरपरिषदेत शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र घेऊन गेले, जन्ममृत्यू नोंदवहीत नाव घालून घेतलं आणि मराठी-इंग्रजी दाखला मिळवला. नोंद अलीकडे बदललेली दिसली की अधिकाऱ्याला शंका येते, म्हणून सोबत दोन प्रतिज्ञापत्रं जोडली: एक आईचं, एक मावशीचं. दोघींनी जन्म कुठे झाला, त्या वेळी त्या कुठे होत्या आणि ही माहिती त्यांना प्रत्यक्ष कशी आहे ते लिहिलं. 'मी यांना ओळखतो' एवढ्याच मजकुराचं प्रतिज्ञापत्र कुचकामी ठरतं. शाळेचा दाखला फक्त मराठीत होता, त्याचं पूर्ण भाषांतर लागलं. खाली भाषांतरकाराने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही करायची, नोटरीची गरज नाही.

नावाचा दुसरा घोळ मधल्या नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये, विद्यापीठाच्या कागदांवर ते गायब, बँकेत आडनाव आधी. अर्जात 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात सगळी रूपं लिहून टाकली. हा रकाना मोकळा ठेवण्यात काही फायदा नाही.

सासऱ्यांची सही

पत्नी नर्सिंग शिकत होती, अर्धवेळ कामातून वर्षाला सुमारे 19,000 डॉलर मिळवत होती. हमीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के लागतं. 2024 मध्ये दोघांच्या कुटुंबाला तो आकडा 25,550 डॉलर होता. त्याची दुकानातली कमाई मोजता येत नव्हती, कारण ती परवान्याविना होती. म्हणून सासरे संयुक्त हमीदार झाले. त्यांच्या घरात ते, सासूबाई, धाकटा मेहुणा आणि हा जावई धरून चार माणसं: 39,000 डॉलर. तेवढं त्यांचं उत्पन्न होतं. संयुक्त हमीदारानेही आपला स्वतंत्र आय-864, करविवरण आणि नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा द्यायचा असतो.

सही करण्याआधी सासऱ्यांना एक गोष्ट स्वच्छ सांगणं गरजेचं होतं, आणि बऱ्याच घरांत ती कोणी सांगत नाही. आय-864 हा करार आहे. घटस्फोट झाला तरी तो सुटत नाही. जावई नागरिक झाला, त्याच्या खात्यात कामाच्या चाळीस तिमाह्या जमल्या, त्याने देश कायमचा सोडला किंवा मृत्यू झाला, तरच बंधन संपतं. तोवर त्याचं उत्पन्न त्या रेषेखाली गेलं तर तो हमीदाराकडून कोर्टात भरपाई मागू शकतो. जावयावर विश्वास आहे म्हणून सही करावी, जरूर करावी, पण वाचून.

वडिलांचं ऑपरेशन

ऑक्टोबरमध्ये कामाचं कार्ड आलं. प्रवासाचं कागदपत्र, म्हणजे ॲडव्हान्स परोल, अजून आलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये नाशिकहून फोन आला: वडिलांची बायपास ठरली आहे.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पावती हातात आहे, कामाचं कार्ड आहे, म्हणून माणूस विमानात बसतो. पण परोल नसताना देश सोडला की आय-485 सोडून दिला असं धरलं जातं. एच-1बी किंवा एल-1 हे नोकरीचे व्हिसा चालू असलेल्यांना यात सूट आहे, त्याला नव्हती. आय-130 जिवंत राहिला असता, पण मग नॅशनल व्हिसा सेंटर, फाइलचा नवा प्रवास आणि मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. नवराबायको तोवर दोन खंडांत.

'डी/एस'मुळे त्याच्यावर परतबंदी लागली नसती, हे त्याचं नशीब. तोच माणूस पर्यटक व्हिसावर येऊन तारखेनंतर 180 दिवसांहून जास्त राहिला असता, तर बाहेर पडताच तीन वर्षांची बंदी. वर्ष किंवा जास्त राहिला असता तर दहा वर्षांची.

त्याने खात्याच्या केंद्राला फोन करून नेवार्क कार्यालयाची आणीबाणीची अपॉइंटमेंट मिळवली. सोबत भरलेला आय-131, फी, दोन फोटो, आय-485 ची पावती आणि हॉस्पिटलचं पत्र. पहिलं पत्र चाललं नाही. त्यात 'रुग्णास शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात येत आहे' एवढंच होतं. दुसऱ्या पत्रात लेटरहेडवर निदान, ऑपरेशनची तारीख, हा मुलगा असल्याचा उल्लेख आणि डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा परोल मिळाला. परतीला नेवार्कला दुसऱ्या खोलीत बसवून कागद तपासले, दोन तास गेले, आणि तो परोलवर आत आला.

ज्यांच्या नावावर बेकायदा वास्तव्याचे दिवस साचले आहेत त्यांनाही परोल घेऊन जाण्यायेण्याने तीन-दहा वर्षांची बंदी लागत नाही. इमिग्रेशन अपील मंडळाने 2012 मध्ये अराबल्ली आणि येराबेल्ली या भारतीय पतिपत्नींच्या प्रकरणात हे ठरवलं. तरी परोल म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, विमानतळावरचा अधिकारी नव्याने निर्णय घेतो. खरोखर अडलं असेल तरच जावं.

मुलाखत

मार्च 2025, नेवार्क. दोघांना एकाच खोलीत बसवलं. ओव्हरस्टेवर दोन मिनिटं गेली, बाकी वेळ पत्त्यावर. भाडेकरार जर्सी सिटीचा, दोघांच्या नावाचा. पण पत्नीच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर एडिसनचं माहेर. अधिकाऱ्याने विचारलं, 'आठवड्यात किती रात्री एकत्र राहता?' तिने खरं सांगितलं: कॉलेज एडिसनजवळ असल्यामुळे सेमिस्टर चालू असताना तीन. कॉलेजचं वेळापत्रक आणि रेल्वेचे पास दाखवले. 'रोज एकत्र' असं उत्तर दिलं असतं तर लायसन्स, कॉलेज आणि उत्तर यांचा मेळ बसला नसता, आणि मग नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत तेच प्रश्न विचारले गेले असते.

पुराव्यांत वजन कशाला असतं याचा अंदाज लोकांना नसतो. मुलाखतीच्या तोंडावर उघडलेलं, 500 डॉलर टाकून ठेवलेलं जोडखातं कमकुवत. याच खात्यातून वर्षभर भाडं, वीज, किराणा जातोय असं दिसलं की तेच भक्कम होतं. त्यांच्याकडे 2024 चं एकत्र भरलेलं करविवरण होतं, तिच्या आरोग्यविम्यात त्याचं नाव होतं, त्याच्या आयुर्विम्यात वारस म्हणून तिचं. लग्नाचे दोनशे फोटो देण्यापेक्षा दोन वर्षांत पसरलेले वीस फोटो आणि मागे तारीख, ठिकाण, माणसं लिहिलेली बरी.

खोट्या लग्नाबद्दल संशय असण्याचं कारण कायद्यातच आहे. 1986 च्या सुधारणेनंतर अशा लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय एकदा तसा ठपका बसला की पुढे खरं लग्न झालं तरी त्या माणसासाठीचा कोणाचाही अर्ज मंजूर होत नाही.

2025 मध्ये वारं बदललं हे नोंदवायला हवं. 1 ऑगस्ट 2025 च्या खात्याच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की कुटुंबाचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे हद्दपारीपासून संरक्षण नव्हे. अर्ज फेटाळला तर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस निघू शकते. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅन डिएगोत मुलाखतीला आलेल्या, व्हिसाची मुदत संपलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतलं गेलं. ज्याचं स्टेटस सुटलं आहे, जुना हद्दपारीचा आदेश आहे किंवा पोलिस केस आहे, त्याने वकिलाशिवाय मुलाखतीला जाऊ नये. कामाचं कार्डही 5 डिसेंबर 2025 पासून अठरा महिन्यांपुरतंच मिळतं, तेव्हा नूतनीकरण लवकर टाकावं.

पत्नी नागरिक नसती तर

पत्नीकडे फक्त ग्रीन कार्ड असतं तर सुटलेलं स्टेटस आणि दुकानातले पाच महिने दोन्ही आडवे आले असते. मग ती नागरिक होईपर्यंत थांबणं हाच मार्ग. ती नागरिक झाली की आधी भरलेला आय-130 आपोआप इमिजिएट रिलेटिव्हच्या वर्गात जातो. जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. लग्नाने ती जात नाही, त्यासाठी वेगळी सूट मिळवावी लागते. के-1 या वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला 90 दिवसांत ज्याने बोलावलं त्याच व्यक्तीशी लग्न करावं लागतं आणि अर्जही त्याच नात्यावर चालतो.

दोन वर्षांचं कार्ड, आणि घरात त्रास असेल तर

11 मार्च 2025 ला अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून कार्ड सशर्त: वर्ग सीआर-6, मुदत 11 मार्च 2027. मुदतीआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751, म्हणजे ही शर्त काढण्याचा अर्ज, भरायचा. तो चुकला की वास्तव्य आपोआप संपतं.

या 'दोघांनी मिळून'चा काही घरांत चाबूक होतो. विशेषतः भारतातून लग्न करून आलेल्या मुलींना ऐकवलं जातं, 'सही करणार नाही, परत पाठवीन.' हे खरं नाही, आणि प्रत्येक मुलीला ते विमानात बसण्याआधी माहीत हवं. लग्न खरं होतं पण मोडलं, किंवा मारहाण, छळ झाला, तर जोडीदाराच्या सहीशिवाय आय-751 भरता येतो, आणि त्याला 90 दिवसांची चौकट नाही. कार्डच अजून मिळालेलं नसेल तर छळ सोसलेली व्यक्ती आय-360 ने स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते, फी नाही. घटस्फोट झाल्यावरही, छळाशी संबंध असेल तर, दोन वर्षांपर्यंत तो करता येतो. खात्याला ही माहिती नवऱ्याला देण्याची कायद्याने मनाई आहे. ही तरतूद पुरुषांनाही लागू आहे. नागरिक जोडीदार वारला तर विधवा किंवा विधुराला दोन वर्षांत याच फॉर्मने अर्ज करता येतो. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि आय-94 यांची प्रत आपल्या स्वतःच्या ईमेलमध्ये, नवऱ्याला ठाऊक नसलेल्या पासवर्डखाली ठेवावी.

पुढच्या तारखा

या जोडप्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला तीन खुणा आहेत. 11 डिसेंबर 2026: आय-751 ची खिडकी उघडते, फी 750 डॉलर. पावतीवर जुन्या कार्डाची मुदत 48 महिने वाढते, ती पावती कार्डासोबत सांभाळायची. 11 मार्च 2027: खिडकी बंद. 12 डिसेंबर 2027: नागरिकत्वाचा एन-400 भरता येण्याचा पहिला दिवस, कारण नागरिक जोडीदारासोबत नांदणाऱ्याला पाचऐवजी तीन वर्षं पुरतात आणि सशर्त काळही त्यात धरला जातो. त्या तीन वर्षांत एकूण अठरा महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं, म्हणून नाशिकच्या प्रत्येक फेरीच्या जाण्यायेण्याच्या तारखा तो एका वहीत लिहून ठेवतो. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-11, म्हणजे नवा पत्ता कळवणारा फॉर्म. एन-400 भरेपर्यंत आय-751 चा निकाल लागला नसेल तर दोन्ही अर्ज एकाच मुलाखतीत घेतले जाऊ शकतात, आणि त्या दिवशी पत्नीलाही सोबत न्यावं लागेल.